उन्हाचं वेळापत्रक

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगाव भागात उन्हाला तोटा नाही. सौरऊर्जेचं घोडं इथे अडतं ते वेळेपाशी.

हरभऱ्याच्या ओलितापुरतं वेळेचं गणित जुळतं. थ्री फेज वीज रात्रपाळीला आली की साप-विंचवातून वावरात जायचं, ही विदर्भातली जुनी शिक्षा सौरपंपाने संपवली. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा 5. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाचपर्यंत 5, पुढे 7.5. म्हणजे क्षमता सातबाऱ्यावरून ठरते. पाणी किती खोल आहे ते सातबाऱ्यावर नसतं. विहीर खाली गेली की तोच पंप कमी पाणी फेकतो. शिवाय सकाळ-संध्याकाळ धार बारीक, दुपारीच जोर. स्प्रिंकलरला दिवसभर सारखा दाब मिळत नाही.

छतावरच्या संचाची गोष्ट वेगळी. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे, बिलही खरंच उतरतं. पण लाइन गेली की बॅटरी नसलेला ऑनग्रीड संच भर उन्हात बंद पडतो. हा बिघाड नाही. खांबावरच्या लाइनमनला छतावरून आलेल्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून केलेली ती सोय आहे. वीज सारखी जाते म्हणून पॅनल बसवणाऱ्याला हे पैसे भरण्याआधीच सांगायला हवं.

वाहतूक विजेवर न्यायची तर एसटीचं जमेल. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे–अहमदनगर धावली, त्याच मार्गावर 1 जून 2022 ला विजेवरची 'शिवाई' सुटली. मार्ग ठरलेला, मुक्काम ठरलेला, तिथे चार्जर. दुचाकीला तीन-चार युनिटं पुरतात, ती घरच्या प्लगवर भरते.

ट्रॅक्टरचं वेळापत्रक मात्र पाऊस ठरवतो. वाफसा आला की सगळ्या गावाची सोयाबीन पेरणी एकदमच निघते, तीही आभाळ भरलेलं असताना. लिटरभर डिझेलात सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. त्यातला तिसरा हिस्साच कामी येतो असं धरलं, तरी दिवसाला 40 लिटर पिणाऱ्या ट्रॅक्टरला 130 युनिटांची, जवळपास टनभर वजनाची बॅटरी लागेल. ती दहा तासांत भरायची तर 13 किलोवॅटचा भार. 63 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असे चार ट्रॅक्टर जेमतेम पेलेल, आणि तेही गावातले दिवे-पंखे बंद ठेवून.