पीएच मीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हातात मावणाऱ्या पीएच मीटरमध्ये सामू म्हणजेच पीएच मोजण्याचे खरे काम इलेक्ट्रोडच्या टोकाचा काचेचा नाजूक गोलक करतो. त्याच्या ओल्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयनांमुळे निर्माण होणारा विद्युतदाब मीटर आकड्यात दाखवते. म्हणून मीटरची निगा म्हणजे मुख्यतः या गोलकाची निगा.

गैरसमज : नवे मीटर खोक्यातून काढले की लगेच वापरता येते.
वस्तुस्थिती : कोरडा गोलक आधी साठवण द्रावणात भिजवावा लागतो. टोपणाखाली जमलेले पांढरे स्फटिक हा बिघाड नसून सुकलेले मीठ असते. ते पाण्याने निघून जाते.

गैरसमज : एका बफरवर मीटर जुळवले की पुरे.
वस्तुस्थिती : 7 च्या बफरने, म्हणजे सामू 7 असलेल्या प्रमाण द्रावणाने, फक्त शून्यबिंदू ठरतो. इलेक्ट्रोडचा उतार कळण्यासाठी दुसरा बफर लागतो. 25 अंश सेल्सिअसला आदर्श उतार प्रत्येक पीएच एककामागे 59.16 मिलिव्होल्ट असतो. नमुना दोन्ही बफरांच्या मधला हवा. उदाहरणार्थ, हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या आवारात काळी आणि तांबडी, दोन्ही प्रकारची जमीन आहे. काळ्या मातीचा सामू बहुधा 7 च्या वर असल्याने तिथे 7 आणि 10 चे बफर योग्य. आम्लधर्मी तांबड्या मातीसाठी 7 आणि 4 चे.

गैरसमज : मीटरमध्ये स्वयंचलित तापमान-भरपाई असल्यास उन्हाळ्याची काळजी नको.
वस्तुस्थिती : ही भरपाई इलेक्ट्रोडच्या उतारापुरती असते, नमुन्याचा सामू तापमानाने खरोखर बदलतो, तो बदल ती पुसत नाही. बफरही बदलतात. 25 अंशांना 10.01 असणारा बफर 40 अंशांना सुमारे 9.89 होतो. हैदराबादचा उन्हाळा 40 च्या पुढे जातो, म्हणून बाटलीवरील तक्ता पाहावा आणि नमुन्याचे तापमान सामूसोबत नोंदवावे.

गैरसमज : वापरलेला बफर बाटलीत परत ओतता येतो.
वस्तुस्थिती : त्याने सगळी बाटली दूषित होते. 10 चा बफर तर उघडा राहिला तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो.

गैरसमज : गोलक डिस्टिल्ड पाण्यात ठेवावा.
वस्तुस्थिती : त्या पाण्यात इलेक्ट्रोडमधील क्षार बाहेर झिरपतात आणि वाचन मंदावते. डिस्टिल्ड पाणी फक्त धुण्यासाठी. साठवणीसाठी 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड वापरावे. ते नसल्यास थोड्या काळासाठी 4 चा बफर चालतो. गोलक पुसताना घासू नये, कागदाने अलगद टिपावा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, सामू 6.5 ते 8.5 असावा असे म्हटले आहे. मीटर 0.3 ने चुकले, तरी 8.4 चे योग्य पाणी अयोग्य ठरू शकते. म्हणून त्याच दिवशी बफरवर पडताळलेल्या मीटरचाच आकडा नोंदवहीत लिहावा.