'जाऊन रायला': वऱ्हाडी बोलीतील चालू काळाची घडण

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची 'इज गोइंग', 'आर प्लेइंग', 'वॉज रीडिंग' या रचनेशी सुरुवातीच्या इयत्तांतच गाठ पडते. 'असणे' या अर्थाचे साहाय्यक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाला काळ आणि अवस्था दाखवण्यास मदत करणारे क्रियापद, आणि '-इंग' हा प्रत्यय लागलेले मुख्य क्रियापद यांची ही जोडी असून, क्रिया सुरू आहे आणि अजून पुरी झालेली नाही, एवढेच सांगणे हे तिचे काम असते. मराठी व्याकरणात या अवस्थेला अपूर्ण काळ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी 'करत आहे', 'जात आहे' ही रूपे दिलेली असतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील घरांत, वावरांत आणि बाजारांत मात्र हाच अर्थ वेगळ्या रीतीने सांगितला जातो. तेथे माणूस 'जाऊन रायला' असतो, पोट्टे 'खेयून रायले' असतात, वावरात बाया 'निंदून रायल्या' असतात आणि आभाळातून 'पानी येऊन रायलं' असते. 'राहिला', 'राह्यला' आणि 'रायला' अशा वेगवेगळ्या उच्चारांनी ऐकू येणारी ही रचना वऱ्हाडी बोलीची ठळक ओळख आहे. तिच्याकडे अशुद्ध मराठी म्हणून पाहण्याची सवय जुनी असली, तरी तिची घडण बारकाईने तपासली असता ती किती नियमबद्ध आहे हे स्पष्ट होते.

रचनेचे दोन भाग

'जाऊन रायला' या रूपातील पहिला भाग 'जाऊन' हे धातुसाधित आहे. क्रियापदाच्या मूळ रूपाला, म्हणजे धातूला, प्रत्यय लागून जो शब्द तयार होतो त्याला धातुसाधित म्हणतात. प्रमाण मराठीत '-ऊन' प्रत्ययाचे धातुसाधित आधी घडून गेलेली क्रिया दाखवते, म्हणून 'तो जेवून झोपला' या वाक्यात जेवण आधी आणि झोप नंतर असा क्रम असतो. त्याच न्यायाने 'तो अकोल्याला जाऊन राहिला' हे वाक्य पुण्यातील वाचकाला 'तो अकोल्याला गेला आणि तेथेच मुक्कामी थांबला' असे वाटते. वऱ्हाडी माणसाला त्यातून ऐकू येते ते एवढेच, की तो आता अकोल्याच्या वाटेवर आहे. शब्द दोन्हीकडे तेच असून त्यांच्यातील नाते बदललेले आहे: प्रमाण मराठीत त्या दोन क्रिया आहेत, वऱ्हाडीत ती एकच क्रिया आहे आणि 'रायला' तिची अवस्था सांगतो.

मुळात स्वतंत्र अर्थ असलेला शब्द जेव्हा तो अर्थ टाकून केवळ व्याकरणाचे काम करू लागतो, तेव्हा त्या प्रक्रियेला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. 'राहणे' या क्रियापदाचे वऱ्हाडीत असे व्याकरणीकरण पूर्ण झाल्याचा स्वच्छ पुरावा 'तो सध्या अकोल्यात राहून रायला' या वाक्यात सापडतो, कारण येथे 'राहून' म्हणजे वास्तव्य आणि 'रायला' म्हणजे त्या वास्तव्याचे चालू असणे, अशी दोघांची कामे स्पष्टपणे वाटून गेलेली आहेत. 'रायला'मध्ये वस्तीचा जुना अर्थ शिल्लक असता, तर हे वाक्य निव्वळ पुनरुक्ती ठरले असते.

'रायला' हे रूप भूतकाळी दिसत असताना ते वर्तमानाचा अर्थ कसे देते, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. परंतु प्रमाण मराठीही याच वाटेने जाते, कारण घराबाहेर पाऊल टाकणारा माणूस 'मी चाललो' म्हणतो आणि हाक ऐकून उठणारा 'आलो, आलो' म्हणतो, तेव्हा रूप भूतकाळाचे आणि अर्थ चालू क्षणाचा असतो. खरा भूतकाळ सांगायचा झाल्यास वऱ्हाडी बोली 'होता' जोडून 'जाऊन रायला होता' असे म्हणते, आणि अंदाज करायचा झाल्यास 'जाऊन रायला असन' असे म्हणते.

नियमांची शिस्त

प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले, की तृतीयपुरुषी कर्त्याला सहसा 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. 'त्याने भाकरी खाल्ली' हे त्याचे उदाहरण होय. वऱ्हाडी अपूर्ण काळात मात्र 'तो भाकर खाऊन रायला' असेच म्हटले जाते. 'त्यानं भाकर खाऊन रायली' असे कोणी म्हणत नाही, कारण 'राहणे' हे अकर्मक क्रियापद वाक्याचा ताबा घेते आणि कर्त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून पुरुष 'मी करून रायलो' म्हणतो, तर बाई 'मी करून रायली' म्हणते. नकार द्यायचा असेल, तर 'नाही' हा शब्द दोन भागांच्या मधोमध बसतो: 'तो येऊन नाही रायला', 'मले दिसून नाही रायलं'. आणि 'असणे' हे क्रियापद या साच्यात बसत नसल्यामुळे 'मले दोन भाऊ हायेत' असेच वाक्य होते, 'असून रायले' असे कधी होत नाही. मूल हे नियम कोणत्याही पुस्तकाविना शिकते.

शेजारच्या भाषांशी नाते

हिंदीतील 'जा रहा है' या रूपाशी या रचनेचे साम्य उघड आहे, मात्र ते वरवरच्या उचलीपेक्षा खोल आहे. हिंदीतील 'जा' हा येथे नुसता धातू दिसत असला, तरी त्याचे काम मराठी 'जाऊन' या धातुसाधिताचेच आहे. गुजरातीत हीच गोष्ट उघडपणे दिसते, कारण तेथील 'करी रह्यो छे' या रूपात 'करी' म्हणजे 'करून', 'रह्यो' म्हणजे 'राहिला' आणि 'छे' म्हणजे 'आहे'. वऱ्हाडीने हिंदी शब्द घेतले नाहीत, तर रचनेचा आराखडा घेऊन तो स्वतःच्या मराठी सामग्रीने उभा केला आणि शेवटचे 'आहे' गाळून टाकले. दोन भाषा एकाच वस्तीत दीर्घकाळ नांदल्यामुळे एकीची घडण दुसरीत उतरते, त्याला भाषासंपर्क म्हणतात, आणि राजेश्वरी पंढरीपांडे यांनी नागपुरी मराठीच्या संदर्भात या संपर्काचा विस्ताराने अभ्यास केलेला आहे.

असा संपर्क होण्यास वऱ्हाडाचा इतिहास अनुकूल होता. अचलपूरची इमादशाही, नंतर मोगल आणि निजाम यांच्या अमलामुळे अचलपूर, बाळापूर, अकोला येथे दखनी उर्दू रुजली. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेल्यामुळे मराठी आणि हिंदी भाषक एकाच राजकीय छत्राखाली आले, ते १९५६पर्यंत. उत्तरेस बैतुल आणि बऱ्हाणपूर हे हिंदी मुलूख अमरावती जिल्ह्याला लागून आहेत, मेळघाटात कोरकू भाषा बोलली जाते आणि १८६७मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने कापसाच्या बाजारपेठांत परप्रांतीय व्यापारी आणि कामगार आणले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची नोंद झाली ती या मुलखातील मराठीची रूपे म्हणूनच.

वर्गातील उपयोग

इंग्रजी 'ही गोज' आणि 'ही इज गोइंग' यांतील भेद शिकवताना प्रमाण मराठीची थोडी अडचण होते, कारण 'तो जातो' हे रूप रोजची सवय आणि आत्ताची क्रिया या दोन्हींसाठी चालून जाते. वऱ्हाडीत ही सरमिसळ होत नाही. 'तो रोज अमरावतीले जाते' ही सवय आणि 'तो अमरावतीले जाऊन रायला' ही चालू क्रिया, असा स्वच्छ विभाग तेथील प्रत्येक मुलाच्या तोंडी असतो. इतकेच नव्हे, तर 'तो उद्या येऊन रायला' या वाक्यात ठरलेल्या भविष्यासाठी चालू काळ वापरण्याची रीतही आहे, जी इंग्रजीतील 'ही इज कमिंग टुमॉरो' या वाक्याशी तंतोतंत जुळते. फळ्यावर इंग्रजी आणि वऱ्हाडी वाक्यांचे दोन स्तंभ शेजारी लिहिले गेले, तर जो भेद एरवी व्याख्या पाठ करून गळी उतरवावा लागतो, तो मुलाला स्वतःच्या घरच्या बोलण्यात आधीच असलेला दिसेल.

जेथे दोन रचना फारकत घेतात, ती जागाही शिक्षकाने तेवढीच दाखवली पाहिजे. 'मले समजून नाही रायलं', 'मले दिसून नाही रायलं' ही वऱ्हाडी वाक्ये निर्दोष आहेत, परंतु इंग्रजीत समजणे, माहीत असणे, हवे असणे अशा मनःस्थितिवाचक क्रियापदांना '-इंग' सहसा लागत नाही, त्यामुळे 'आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग' हे शब्दशः भाषांतर चुकते आणि त्या जागी 'आय डोन्ट अंडरस्टँड' असे म्हणावे लागते. मुलाची ही चूक अज्ञानातून आलेली नसते. त्याच्या बोलीची व्याप्ती येथे इंग्रजीहून मोठी आहे, एवढाच तिचा अर्थ आहे, आणि तो सांगितला गेला तर दुरुस्ती अपमानाविना होते.

अशुद्धतेचा निकष

इंग्रजीची ही रचना आज जगभर प्रमाण मानली जात असली, तरी तिचा प्रवासही बोलण्यातूनच झालेला आहे. 'तो शिकारीवर आहे' अशा घडणीची जुनी वाक्ये हा तिचा एक उगम मानला जातो. 'द हाउस इज बीइंग बिल्ट', म्हणजे 'घर बांधले जात आहे', हे कर्मणी रूप तर अठराव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकात अनेक भाषाचिकित्सकांनी त्याला ओबडधोबड आणि अशुद्ध ठरवून विरोध केला. लोक ते बोलत राहिले, आणि आज तेच वाक्य अमरावतीच्या शाळेत शुद्ध इंग्रजीचा नमुना म्हणून शिकवले जाते. 'जाऊन रायला' म्हणणाऱ्या मुलाला त्याच वर्गात गावंढळ ठरवणे हे म्हणूनच न्यायाला धरून नाही.

या बोलीचा मराठीवरील हक्कही जुना आहे. 'लीळाचरित्र' या मराठीतील आद्य गद्यचरित्राशी आणि महानुभाव परंपरेशी जोडलेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी राज्याने त्याच गावाची निवड केली. उद्धव शेळके यांच्या १९६० सालच्या 'धग' कादंबरीने वऱ्हाडी संवाद मराठी साहित्याच्या मध्यभागी आणले, तर अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडीत कविता लिहून तिला व्यासपीठ मिळवून दिले.

रचना जिवंत आहे की नाही, हे ती नवे शब्द किती सहज सामावून घेते यावरून कळते. 'लाईन सारखी जाऊन रायली', 'मोबाइल चार्ज होऊन नाही रायला', 'नेटवर्क येऊन नाही रायलं' ही वाक्ये आज अकोल्याच्या बसस्थानकावर आणि अमरावतीच्या महाविद्यालयांत ऐकू येतात. त्यांतील वस्तू नव्या आणि शब्द परभाषेतून आलेले असले, तरी 'नाही' मधोमधच बसतो, 'लाईन' रायली असते आणि 'नेटवर्क' रायलं असते. जी बोली परक्या शब्दालाही आपले लिंग आणि आपला नियम लावते, तिला व्याकरण नाही असे म्हणता येत नाही.