कुलाब्याच्या फुटपाथवरचा भाव

मुलांना मुंबई दाखवायचा बेत दोन वर्षं रखडला होता. अखेर या सुट्टीत अक्कलकोटहून सोलापूर गाठलं, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलो. दोन्ही मुलांच्या हातात ५००-५०० रुपये ठेवून बजावलं, "खरेदी एवढ्यातच."

आधी चालत क्रॉफर्ड मार्केट गाठलं. १८६९ सालची ही मंडई आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. दारावर शेतात राबणारे शेतकरी दगडात कोरले आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षक लॉकवुड किपलिंग यांचं ते काम. खरेदीच्या घाईत कुणी मान वर करून पाहत नाही. आत अम्मीसाठी खजूर घेतले, जवळच्या जामा मशिदीत जोहर अदा केली आणि बसने कुलाब्याला गेलो.

कुलाबा एके काळी वेगळं बेट होतं. १८३८ मध्ये बांध घालून ते मुंबईला जोडलं. त्या बांधावरूनच या रस्त्याला 'कॉजवे' नाव पडलं. १९३३ च्या रीगल सिनेमापासून पुढे फुटपाथभर कानातले, पर्सा, चपला, पितळी वस्तू मांडलेल्या. परदेशी पाहुणे, कॉलेजच्या मुली, आमच्यासारखी गावाकडची कुटुंबं, सगळ्यांची एकच रेटारेटी.

मुलीला झुमके आवडले. विक्रेता म्हणाला, "चारशे." मी म्हणालो, "मागच्या दुकानात शंभराला देतायत." घासाघीस करत दीडशेला सौदा ठरला. मी खुशीत होतो.

गेटवे ऑफ इंडियासमोर बसल्यावर मी मास्तरकी सुरू केली. उद्घाटन १९२४, आणि १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची फौज याच कमानीतून गेली. दहा वर्षांच्या मुलाने मध्येच विचारलं, "अब्बा, ते शंभरवालं दुकान कुठं होतं? मला दिसलंच नाही."

असं दुकान नव्हतंच. वर्गात मी खोटं बोलणाऱ्या मुलांना उभं करतो. इथे माझं पोरगं साक्षीदार होतं आणि मला उत्तर सुचेना. "बाजारात असं चालतं," हे ओठांवर आलं होतं, पण तेच वाक्य तो उद्या मला ऐकवेल, हे कळत होतं.

त्याला घेऊन परत गेलो. "मघाशी मी खोटा भाव सांगितला," म्हणत पन्नास रुपये पुढे केले. त्याच्यासमोर गर्दी होती. त्याने मला ओळखलंही नाही. नोट गल्ल्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुलगा मात्र सगळं पाहत होता.

कुलाब्याला जरूर जा, भावही करा. फक्त मुलं सोबत असतील, तर मनातली किंमत आधी ठरवा आणि सरळ सांगा, "मला एवढंच परवडतं." पटलं तर तो देईल, नाहीतर पुढे चला. परतीच्या गाडीत मुलाने हिशेब दाखवला: खर्च ६० रुपये, शिल्लक ४४०. माझ्या हिशेबात झुमके दोनशेला पडले होते, आणि ते महाग वाटले नाहीत.