जुनी गाडी, नवा दम – भाग 7 : आधी फेरे ठरवा, मग पैसे

दोन घशांचा एक कार्बोरेटर माझ्या कपाटात चौदा महिने खोक्यातच पडून होता. गाडी 1974ची पद्मिनी. इंजिन अजून खोललंही नव्हतं. पण कार्बोरेटर चांगल्या स्थितीत मिळाला, हातात पैसे होते, घेऊन टाकला. मग हेड उतरवलं. चारही सिलिंडर वरच्या बाजूला झिजलेले आणि तिसऱ्यात नखाला लागेल असा उभा ओरखडा. लायनर घालणं आणि क्रँक ग्राइंड करणं यातच उरलेली रक्कम संपली. गाडी विटांवर चढली ती पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर उतरली. आजचा भाग त्या चौदा महिन्यांतून आला आहे, म्हणून तो मला इतर भागांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

वाचकांची पत्रं येतात त्यात प्रश्न बहुधा एकच असतो: ‘पद्मिनीतून किती हॉर्सपॉवर निघेल आणि किती खर्च येईल?’ या प्रश्नातून बजेट कधीच नीट बसत नाही. विचारायचं ते वेगळं: हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे फिरवायचं आहे? तो आकडा ठरला की कोणता भाग बदलायचा, कोणता राहू द्यायचा आणि पैसे कुठे जाणार, हे बरंचसं आपोआप ठरतं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964पासून निघालेल्या फियाट 1100 डीचं आणि पुढे पद्मिनी झालेल्या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंगं तीनच. ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर, तीही 4,800 फेऱ्यांच्या आसपास. आता पिस्टनकडे बघा. प्रत्येक फेऱ्यात तो 75 मिमी वर जातो आणि 75 मिमी खाली येतो. दोन्ही टोकांना क्षणभर थांबून उलटा फिरतो. थांबवून उलटं फिरवण्याचा हा ताण कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 4,800वरून 5,500वर गेलात तर ताण सुमारे 31 टक्क्यांनी वाढतो. 6,500वर गेलात तर 83 टक्क्यांनी. वाढवले हजारच फेरे, पण ताण कुठल्या कुठे गेला. आणि हे सगळं तीन मेन बेअरिंगांच्या क्रँकवर, जो मधेच किंचित वाकू पाहतो.

म्हणून माझ्या मते रस्त्यावर चालवायच्या पद्मिनीसाठी दोनच बजेटं असतात, एक 5,500 फेऱ्यांचं आणि एक 6,500चं. पहिल्यात मूळ रॉड तपासून, नवे बोल्ट घालून चालतात. दुसऱ्यात बोल्टांवर भागत नाही. रॉडला बारीक तडे आहेत का ते तपासून घ्यायचे, चारही रॉड आणि पिस्टन एका वजनाचे करायचे, क्रँक फ्लायव्हीलसकट बॅलन्स करायचा, व्हॉल्वच्या स्प्रिंगा कडक घालायच्या. स्प्रिंगा कडक झाल्या की कॅम आणि टॅपेटवर घासण जास्त, मग तेही बघा. एकातून दुसरं निघत जातं. ज्याला शर्यतीत उतरायचंय त्याने हे जरूर करावं. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर फियाटी पळत तेव्हा त्यामागे अशीच मेहनत असे. पण ज्याला रविवारी पहाटे खंडाळ्याचा घाट चढायचाय, त्याला घाटात 2,000 ते 3,500 फेऱ्यांत जोर हवा. वरच्या फेऱ्यांसाठी घासलेला कॅम नेमका तिथेच कमी पडतो. वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत राहते आणि खर्च मात्र दुप्पट झालेला असतो. मी 5,500 निवडले.

पैशांची वाटणी कशी करायची? मी शंभर रुपये धरून सांगतो, तुमच्या रकमेला तुम्ही लावून घ्या. त्यातले वीस रुपये एका पाकिटात घालून ते पाकीट बंद करायचं. ब्लॉक साफ होऊन आला आणि पाण्याच्या जॅकेटला तडा निघाला, क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाइझपर्यंत घासलेला निघाला, तर हेच पैसे उपयोगी पडतात. पस्तीस रुपये खालच्या भागावर: बोअरिंग, पिस्टन-रिंगा, क्रँक, बेअरिंग, तेलाचा पंप. वीस हेडवर. कार्बोरेटर, एक्झॉस्ट आणि इग्निशन मिळून दहा. दहा ब्रेक आणि रेडिएटरला. उरलेले पाच मोजमापाला, आणि हे पाच सगळ्यात आधी खर्च करायचे.

ब्रेकचे दहा रुपये लोक नेहमी कापतात, ते कापू नयेत. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. गाडी ऐंशीऐवजी शंभरवर असेल तर ती थांबवताना ड्रममध्ये जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. निदान लायनिंग, व्हील सिलिंडर आणि रबरी होज नवे हवेत.

बोअरिंगच्या बाबतीत एक क्रम जपा: पिस्टन आधी विकत घ्या आणि ते हातात घेऊनच मशीनशॉपमध्ये जा. चांगला मिस्त्री चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजतो, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा लिहितो आणि मग त्या-त्या सिलिंडरला तेवढंच मटेरियल काढतो. आधी बोअर करून नंतर त्या मापाचे पिस्टन शोधत फिरलात, तर ब्लॉक दुसऱ्यांदा मशीनवर चढणार. बोअर वाढवून ताकद वाढेल अशी आशाही धरू नका. 68चा 69 केला तरी 1089चे 1122 सीसी होतात, वाढ तीन टक्के. बोअरिंग करायचं ते सिलिंडर गोल आणि सरळ होण्यासाठी.

ताकद खरी मिळते ती हेडमधून, हवा किती सहज आत येते आणि बाहेर जाते यातून. ते काम हाताचं आहे, त्यात पैशांपेक्षा वेळ जातो. पण हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा मोह मात्र आवरा. हिशेब सांगतो. प्रत्येक सिलिंडर 272 सीसीचा. कॉम्प्रेशन 8 असेल तर पिस्टन वर असताना मोकळी जागा 39 सीसीच्या आसपास राहते. 9 हवं असेल तर ती 34वर आणावी लागते. म्हणजे पाच सीसी कमी करायचे. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ 30 चौरस सेंटिमीटर धरलं तर हेडवरून 1.6 मिमी काढावे लागतील. जुन्या टॅक्सीचं, आधीच दोनदा फेसिंग झालेलं हेड असेल तर एवढा धातू तिथे उरलेलाच नसतो. शिवाय हेड खाली आलं की पुशरॉड लांब पडतात, व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतो, आणि सगळं नीट जमलं तरी कागदावर फायदा साडेतीन टक्क्यांचा. मी अर्धा मिलिमीटरही घासलं नाही, फक्त सपाट करून घेतलं.

हेड मात्र दुसरंच घ्या. मुंबईच्या रस्त्यावरून 2023च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, पण भंगारात गेलेल्या टॅक्सींची हेडं शोधली तर अजून मिळतात. जे कापायचं, घासायचं ते त्यावर. गाडीसोबत आलेलं हेड, कॅम आणि कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवा. यामागे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मुळे दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं ही परवानगीची बाब होते. प्रीमियरच्याच 118एनई गाडीचं 1171 सीसीचं निस्सान इंजिन पद्मिनीत घालायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, मग इंजिन बघायला जा. आणि 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ती मूळ इंजिन असेल तरच. माझी गाडी त्या वयाची झाली आहे. फळीवरचे भाग परत चढवले की ती कधीही मूळ रूपात उभी राहू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

पेट्रोलचंही एक कलम धरा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, जेट एक नंबर मोठा लागू शकतो, आणि पंपाचा डायफ्राम व जुन्या रबरी नळ्या फुगतात. रक्कम किरकोळ असते, पण गळती गरम एक्झॉस्टवर झाली तर गाडी जळते. नळ्या सगळ्या बदला.

आता ते पाच रुपये. हेड उलटं करून टेबलावर ठेवायचं, व्हॉल्व आणि प्लग जागेवर. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर, त्यावर छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवायची. मग सिरिंजने भोकातून रॉकेल सोडायचं. शेवटी एक बुडबुडा राहतो. हेड थोडं तिरकं केलं की तो सरकत भोकाशी येतो आणि फुटतो. तेवढ्यात सिरिंजवरचा आकडा वाचायचा. माझ्या चार चेंबरमध्ये 33.2, 34.1, 33.8 आणि 34.9 सीसी निघाले. चौथा सिलिंडर इतकी वर्षं बाकीच्यांहून हलकं काम करत होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि त्यासाठी एक पैसाही मशीनशॉपला द्यावा लागला नव्हता.

पुढच्या भागात या चार आकड्यांवरून पोर्ट कसे घासायचे ते बघू. तोवर रॉकेल, ॲक्रिलिकचा तुकडा आणि 50 मिलिलिटरची सिरिंज आणून ठेवा, आणि कार्बोरेटर घेऊ नका.