दुबळा कोण, हे ठरवायचे कोणी?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या आरोग्य विम्यावर लिहावे, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना अंमळ चमत्कारिक वाटेल. पण या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि शब्दांशी आमचा रोजचाच संबंध. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीत एका दवाखान्याच्या कचेरीत काम करते. तिकडच्या मराठी मंडळींसाठी माहितीपत्रक लिहिताना तिने मला फोनवर विचारले, "सर, ‘मेडिकली फ्रेल’ला मराठीत काय म्हणू?" अशक्त, दुबळा, प्रकृतीने क्षीण असे दोन-चार शब्द मी सुचवले. ती म्हणाली, "सर, दुबळा म्हणवून घ्यायला कोण पुढे येईल? आणि पुढे आला नाही, तर त्याचा विमा जाईल."

विमा जाईल, हे ती अक्षरशः म्हणत होती. मेडिकेड ही तिकडची गरिबांसाठीची सरकारी विमा योजना. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने ती अस्तित्वात आली. पुढे २०१० च्या कायद्याने, अपंग म्हणून सरकारदरबारी नोंद नसलेल्या गरीब प्रौढांनाही तिचे दार उघडले. बहुतेक राज्यांनी हा विस्तार स्वीकारला. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने या दारावर पहारेकरी बसवला. १९ ते ६४ वयाच्या अशा प्रौढांनी महिन्याला ८० तास नोकरी, कामाचे प्रशिक्षण, समाजसेवा किंवा शिक्षण यांपैकी काही केल्याचे दिसले पाहिजे. सर्वसाधारणपणे १ जानेवारी २०२७ ही राज्यांना दिलेली मुदत.

कायदा निर्दय आहे, असे मात्र नव्हे. त्याने सवलती दिल्या आहेत. गरोदर स्त्रिया, १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाप, अपंगाची देखभाल करणारे घरचे माणूस, आणि ‘मेडिकली फ्रेल’. या शेवटच्या शब्दात अंध आणि अपंग येतात, व्यसनाने ग्रासलेले येतात, काम अशक्य करणारा मनोविकार असलेले येतात, अंघोळ-कपडे-जेवण यांसारखी रोजची कामे करणे अवघड करणारे शारीरिक वा बौद्धिक व्यंग असलेले येतात, आणि गंभीर वा गुंतागुंतीचा आजार असलेलेही येतात. यादी चांगली लांबलचक आहे.

मग अडचण कुठे आली? अडचण अशी की, ज्यांना सरकारने अपंग ठरवून निर्वाहवेतन सुरू केले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना मेडिकेड वेगळ्याच दाराने मिळते. त्यांना ही अट नाही. पण ते वेतन मिळवायचे, तर किमान वर्षभर टिकणाऱ्या किंवा जीवघेण्या व्याधीमुळे आपण नेटके काम करूच शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. जे खरोखर अपंग आहेत पण या कसोटीला उतरत नाहीत, किंवा ज्यांचा अर्ज अजून कागदांच्या ढिगात आहे, ते या नव्या दारापाशी उभे आहेत. संधिवाताने आज खाटेवर पडलेला आणि परवा चालणारा माणूस घ्या. एका महिन्यात तो ८० तास भरील, दुसऱ्या महिन्यात ८ देखील नाही. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे?

याचा अनुभव अमेरिकेला पूर्वीच येऊन गेला आहे. आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये अशीच ८० तासांची अट घातली. राज्याने आपल्याजवळच्या नोंदी पाहून अनेकांना आपणहून सूट दिली. उरलेल्यांनी मात्र संगणकावर हजेरी लावायची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे! वर्षअखेरपर्यंत १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती योजना थांबवली. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा दिसले की अट ज्यांना लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच अट पुरी करत होते किंवा सवलतीस पात्र होते. रोजगार वाढल्याचेही आढळले नाही. म्हणजे आळशी सापडले नाहीत. फॉर्म न भरणारे सापडले.

आणि फॉर्म कोण भरू शकत नाही? ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही, ज्याचे मन औदासीन्याने जड झाले आहे, ज्याला आलेले पत्र उघडण्याचेच भय वाटते, तो. अपंगत्व सिद्ध करण्याचे काम ज्याच्यावर सोपवले, त्याचे अपंगत्वच त्याचा हात धरते. नव्या कायद्यात नोटीस आल्यावर ३० दिवस मिळतात, आणि पात्रतेची तपासणी दर ६ महिन्यांनी होते. वर्षातून दोनदा आपल्या दुखण्याची साक्ष काढायची!

उपाय नाही, असे नाही. शक्य तेथे राज्यांनी हाताशी असलेली माहिती आधी पाहावी, असे कायदाच म्हणतो. दवाखान्यांची बिले, औषधांच्या नोंदी, इस्पितळात राहिल्याचे दाखले राज्यांकडे असतातच. त्यांतून बराच मोठा वर्ग न विचारता ओळखता येईल. पण बिलात रोगाचे नाव असते, रोग्याची ताकद नसते. आणि जो आज नव्याने अर्ज करतो आहे, विमा नाही म्हणूनच ज्याने डॉक्टर पाहिलेला नाही, त्याचे बिल कुठून यायचे? अशांसाठी रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे, साधा प्रश्न विचारणे, फोनवर उत्तर घेणे, हेच मार्ग उरतात.

आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने ४० टक्क्यांची रेषा आखली आहे, आणि त्या दाखल्यासाठी इस्पितळाच्या पायऱ्या चढणारे अपंग आपण पाहतोच. तेव्हा दूरच्या देशाला हसण्याचे कारण नाही. जिथे जिथे सवलत आहे, तिथे ती मागणाऱ्याला शोधत जाणार की मागणारा तिला शोधत फिरणार, हाच खरा प्रश्न आहे. पायाने अधू असलेल्याला शोधायला पाठवू नये, एवढे तरी कोणत्याही भाषेत कळायला हरकत नसावी.