पाथरवटांच्या अंगणातलं व्हेनिस

एक पोर तोल जाऊन पडलं आहे आणि घाबरून त्याला तिथेच शू झाली आहे. आई दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावते आहे. वरच्या सज्जातून एक बाई ओणवी होऊन काय झालं ते पाहते आहे. जवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर कोंबडा उभा आहे. व्हेनिस म्हटलं की राजवाडे आणि मुखवटे डोळ्यांपुढे येतात. त्याच शहराचा सर्वांत नावाजलेला चित्रकार कानालेत्तो याने आपल्या एका मोठ्या चित्राच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात ही धांदल रंगवली आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हे चित्र ‘पाथरवटांचं अंगण’ या अर्थाच्या नावाने ओळखलं जातं. १७२५ च्या आसपासचं, सुमारे सव्वा मीटर उंच आणि त्याहून बरंच रुंद. जागा खरीखुरी आहे : ग्रँड कॅनॉलच्या काठावरचा सान विदाल चौक. त्या वेळी सान विदाल चर्चचं काम निघालं होतं आणि त्यासाठी आणलेले इस्त्रियाचे पांढुरके चिरे चौकात पडले होते. ते चर्च चित्रात कुठेच नाही. ते आपल्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या, पाठीशी आहे. समोर दिसतात ते चिरे, कामगारांच्या फळ्यांच्या झोपड्या आणि गुडघे टेकून छिन्नी-हातोडा चालवणारे पाथरवट.

मग नजर आपोआप हिंडू लागते. एक बाई विहिरीवर पाणी भरते आहे. व्हेनिसच्या चौकांतल्या या विहिरींना जमिनीतला झरा नसे. चौकाच्या फरशीवर पडलेलं पावसाचं पाणी खालच्या वाळूतून गाळून टाक्यात साठवायचं आणि ते वर शेंदायचं, अशी ही व्यवस्था. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या शहराची तहान शतकानुशतकं अशी भागत आली. आणखी एक बाई सज्जात सूत कातत बसली आहे. खिडक्यांतून कपडे वाळत घातले आहेत, भिंतींचा गिलावा सुटून आतल्या विटा दिसताहेत. पलीकडे कालव्यावर गोंडोले आहेत आणि त्यापलीकडे सांता मारिया देल्ला कारिता हे चर्च, त्याच्या उंच घंटाघरासह.

ही सगळी मांडणी इतकी सहज वाटते की तिच्यामागची तालीम लक्षातच येत नाही. कानालेत्तोचं खरं नाव जोव्हान्नी अंतोनिओ कनाल, जन्म १६९७ चा, व्हेनिसमधलाच. वडील बेर्नार्दो रंगभूमीचे पडदे रंगवायचे आणि मुलगाही आधी त्याच धंद्यात होता. पुढे रोमला जाऊन आल्यावर तो शहरदृश्यांकडे वळला; पण रंगमंच त्याच्या हातातून गेला नाही. या चित्रात दोन्ही बाजूंची घरं विंगांसारखी उभी आहेत, मधली मोकळी जागा पात्रांसाठी सोडली आहे आणि ऊन नेमकं हवं तिथे पडलं आहे. इथल्या माणसांना दिलेली कामं नीट पाहिली तर कळतं की ती रिकामी जागा भरण्यासाठी आलेली नाहीत. प्रत्येकाला त्या घडीला काहीतरी करायचं आहे, म्हणून ती घडी खरी वाटते.

कानालेत्तोला पुढे इंग्रज श्रीमंतांचं मोठं गिऱ्हाईक लाभलं. युरोपचा दौरा करून परतताना व्हेनिसची आठवण म्हणून त्याची चित्रं नेली जात. व्हेनिसमध्ये राहणारा इंग्रज व्यापारी जोसेफ स्मिथ त्याचा मोठा आश्रयदाता होता. त्याने जमवलेला संग्रह १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. त्या उत्तरकाळच्या चित्रांत आकाश लख्ख आहे, पाणी नितळ आहे. पण माणसं मात्र पुष्कळदा कुंचल्याच्या ठरावीक ठिपक्यांची झाली आहेत. मागणी वाढली की हात वेगाने चालतो, हे समजण्यासारखं आहे. तरी मला त्याचं दुःख होतं, कारण हाच हात काय करू शकत होता ते या अंगणात दिसतं. हे चित्र बहुधा व्हेनिसच्याच कुणा माणसासाठी काढलेलं असावं, असं अभ्यासक मानतात. पटण्यासारखं आहे. पाहुण्याला कुणी घराचं मागचं दार दाखवत नाही.

कानालेत्तो सोयीनुसार इमारती थोड्या सरकवायचा, दोन ठिकाणांहून दिसणारं दृश्य एकत्र जोडायचा. तरी बारीकसारीक गोष्टींत त्याची नजर किती पक्की होती, याचा पुरावा विज्ञानातून मिळाला. व्हेनिसच्या घरांच्या भिंतींवर भरतीच्या पाण्याने शेवाळाचा हिरवा पट्टा उमटतो. कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो यांनी तो आपल्या चित्रांत जसाच्या तसा रंगवला. इटालियन शास्त्रज्ञ दारिओ कामुफ्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांतली ती रेघ आजच्या भिंतींशी ताडून पाहिली. कानालेत्तोच्या काळापासून पाणी साठ सेंटीमीटरच्या आसपास वर चढल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. यात समुद्र वाढणं आणि जमीन खचणं, दोन्ही आलं.

पाथरवटांच्या अंगणातलं बरंच काही आता नाही. कारिता चर्चचं घंटाघर १७४० च्या दशकात कोसळलं. नेपोलियनच्या काळात तिथला धर्मसंघ बरखास्त झाला आणि त्या इमारतींत आज अकादेमिया हे व्हेनिसचं मोठं कलासंग्रहालय आहे. १८५४ मध्ये तिथे कालव्यावर पूल आला. अकादेमिया पूल उतरून प्रवासी सान विदालच्या ज्या चौकात पाऊल ठेवतात, तोच हा चौक.

लंडनला जाणं झालं तर नॅशनल गॅलरीत या चित्रासमोर दहा मिनिटं तरी थांबा. कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिथे तिकीट पडत नाही.