अंदाजपत्रक कागदावर, धरण नदीत

अमळनेर तालुक्यात पाडळसरे गावाजवळ तापीवर निम्न तापी प्रकल्पाचं काम चालू आहे. १९९७ मध्ये त्याला पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा किंमत होती १४२.६४ कोटी रुपये. २०२३ च्या अखेरीस सुधारित मान्यता मिळाली, ती ४,८९०.७७ कोटींची. पहिल्या मान्यतेच्या वर्षी शाळेत नाव घातलेली पोरं आज स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला जातात.

पाटबंधारे खात्यात सुधारित प्रशासकीय मान्यतेला ‘सुप्रमा’ म्हणतात. ती का लागली असं विचारलं, की महागाईकडे बोट दाखवलं जातं. हिशेब करून पाहू. दरवर्षी ८ टक्के भाववाढ धरली, तर २६ वर्षांत किंमत साधारण ७.४ पट होते. म्हणजे १४२.६४ कोटींचे साधारण १,०५५ कोटी. इथे ती ३४ पट झाली. मधली तफावत सिमेंट-लोखंडाच्या भावांतून निघत नाही.

सुप्रमाच्या प्रस्तावात वाढीची कारणं वेगवेगळी दाखवायची असतात : दरसूचीतली वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातले बदल, आधीची अपुरी तरतूद आणि व्याप्तीतला बदल. दरसूची कुणाच्या हातात नसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदला वाढला, तो शेतकऱ्याच्या हक्काचाच होता. खरा प्रश्न शेवटच्या दोन कारणांचा आहे. ‘अपुरी तरतूद’ याचा सरळ अर्थ, लागणार हे दिसत असलेलं काम अंदाजपत्रकात धरलंच नव्हतं. आणि ‘व्याप्ती’ म्हणजे प्रकल्पात काय आहे, काय नाही, याची हद्द.

खोदकामाचंच घ्या. तापीकाठी गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. पक्का खडक किती खाली लागेल हे वरून कळत नाही. त्यासाठी आधी विंधन छिद्रं घेऊन नमुने तपासावे लागतात. हा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. तो टाळून निविदेत समजा १०,००० घनमीटर खोदकाम लिहिलं आणि प्रत्यक्षात १८,००० निघालं. आपल्याकडच्या निविदेतल्या ३८ व्या कलमानुसार सव्वापटीपर्यंत, म्हणजे १२,५०० घनमीटरपर्यंत, जुना दर चालतो. पुढच्या ५,५०० ला नवा दर लागतो. निविदेत नसलेलं काम निघालं, तर त्याचा दर वेगळा ठरवावा लागतो. मोजमाप पुस्तिकेत या वाढीव कामाच्या नोंदी काम होईल तशा चढत असतात, सुप्रमा मात्र काही वर्षांनी येते. तोवर काम झालेलं असतं, आणि झालेल्या कामाला नाही कोण म्हणणार? म्हणून नियंत्रण मोजमाप पुस्तिकेपाशीच हवं. परिमाण सव्वापटीजवळ आलं की काम पुढे नेण्याआधी कारण, रक्कम आणि मंजुरी देणाऱ्याची सही कागदावर यावी. सुप्रमाचा कारणवार तक्ताही लाभक्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. पाण्याची वाट पाहणाऱ्याला एवढं कळायलाच हवं.

राहिली व्याप्ती. तिची हद्द आधीच आखणं खानदेशाला नवं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं फड बागायत चालली. बंधाऱ्याच्या पाटाखाली जेवढी जमीन भिजेल, तेवढीच या बागायतीत. तिच्या बाहेरच्या शेताला बागायतीचं पाणी नाही. आतल्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे भाग, एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पिकांची फेरपालट. नदीला पाणी किती आहे हे पाहून यंदा किती फड भिजवायचे ते गावकरी आधीच ठरवत. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवत. पुढच्या वर्षी पिकांची पाळी बदलली की त्या फडातल्या शेतकऱ्याचीही पाळी येई. पाटकरी रोज पाटावर फिरून, ठरल्याप्रमाणे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं की नाही ते पाहत असे.